दोन ट्यूब, २० मायक्रोलिटर ईडीटीए: ई-सीआयएम पहिल्यांदा लावताना

आयसीयूतून लॅबला फोन येतो तेव्हा पलीकडच्या रेसिडेंटला वेळ नसतो. "मॅडम, ती क्लेब्सिएला. मेरोपेनेम रेझिस्टंट आहे ते कळलं. एनडीएम आहे का?" एनडीएम म्हणजे मेरोपेनेमसारखी अँटिबायोटिक्स फोडणारं, क्लेब्सिएलासारख्या जिवाणूंमधलं एक एन्झाइम. लॅबमध्ये नवीन लागलेल्याला हा प्रश्न पहिल्याच महिन्यात ऐकू येतो, आणि उत्तर कसं काढायचं हे कुणी बसून नीट सांगितलेलं नसतं. जीन शोधणारं पीसीआर प्रत्येक ठिकाणी नसतं. ईडीटीए, म्हणजे धातूचे आयन धरून ठेवणारं रसायन, मात्र कुठल्या ना कुठल्या कपाटात असतंच.

डीएमएलटी किंवा एमएस्सी करून नुकतेच मायक्रोबायोलॉजीत आलेले, एमडीच्या पहिल्या वर्षातले, यांच्यासाठी हे लिहितेय. चाचणीचं नाव ई-सीआयएम. सीआयएम म्हणजे कार्बापेनेम इनॅक्टिव्हेशन मेथड. तिची सुधारलेली आवृत्ती एम-सीआयएम, आणि त्याच कृतीत ईडीटीए घातलं की ई-सीआयएम. लॅब चाचण्यांची मानकं ठरवणाऱ्या अमेरिकेतल्या सीएलएसआय या संस्थेच्या एम१०० तक्त्यांमध्ये ही कृती आहे आणि झोनचे (डिस्कभोवती जिवाणू न वाढलेल्या वर्तुळाचे) खालचे आकडे त्याच कृतीचे आहेत. तुमच्या लॅबची एसओपी, म्हणजे ठरलेली लेखी कार्यपद्धती, काही वेगळं सांगत असेल तर एसओपी पाळा, माझं नाही.

ईडीटीए नेमकं काय करतं

पेनिसिलिन, सेफॅलोस्पोरिन, मेरोपेनेमसारखी कार्बापेनेम, या सगळ्यांच्या रेणूत चार अणूंची एक कडी असते: बीटा-लॅक्टम रिंग. ती फुटली की औषध संपलं. ती फोडणारी एन्झाइम म्हणजे बीटा-लॅक्टमेज. (एन्झाइमला शाळेच्या पुस्तकात विकर म्हणत. लॅबमध्ये हा शब्द वापरून बघा, सगळे वळून बघतील.) अब्राहम आणि चेन यांनी १९४० सालीच पेनिसिलिन मोडणारं एन्झाइम जिवाणूंमध्ये असल्याचं छापलं होतं. पेनिसिलिन तेव्हा औषध म्हणून दुकानात आलेलंही नव्हतं.

पुढे अशी एन्झाइम्स शेकड्यांनी सापडली, पण तुमच्या कामापुरती त्यांची दोनच घराणी लक्षात ठेवा. एका घराण्यात कडी फोडायचं काम सेरीन नावाचं अमिनो आम्ल करतं. केपीसी आणि ऑक्सा-४८ ही यातली. दुसऱ्या घराण्यात तेच काम झिंकचे आयन करतात, म्हणून त्यांना मेटालो-बीटा-लॅक्टमेज म्हणतात. एनडीएम, व्हीआयएम आणि आयएमपी ही त्यातली.

आता इनहिबिटर. ऑगमेंटिनमधलं क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल तुम्हाला माहीत आहे, १९८१ साली ते बाजारात आलं. ते सेरीनवाल्या एन्झाइमला आमिष दाखवतं. एन्झाइम त्याला औषध समजून फोडायला जातं आणि तिथेच अडकून बसतं. झिंकवाल्यांवर त्याचा उपयोग शून्य. ईडीटीएची रीत वेगळी आहे. ते आमिष वगैरे दाखवत नाही, सरळ झिंक काढून नेतं. ईडीटीएचा रेणू धातूच्या आयनाला सहा बाजूंनी धरतो, आणि झिंकवरची त्याची पकड कॅल्शियमपेक्षा लाखो पटींनी घट्ट असते. एनडीएमच्या कामाच्या जागी दोन झिंक बसलेले असतात. विळीचं पातं काढून नेलं आणि नुसता पाट ठेवला तर भाजी चिरणार कशी? केपीसीला झिंक लागतच नाही, त्यामुळे ईडीटीए घातलं काय, न घातलं काय, त्याला फरक पडत नाही.

या फरकावरच पुढची सगळी चाचणी उभी आहे.

रेसिडेंटला हे कशाला हवं असतं? कारण सेफ्टाझिडिम-ॲव्हिबॅक्टम हे महागडं इंजेक्शन केपीसी आणि ऑक्सा-४८ वर चालतं, एनडीएमवर चालत नाही. ॲव्हिबॅक्टम सेरीनलाच धरतं. एनडीएम असेल तर ॲझट्रिओनाम जोडीला घ्यावं लागतं. ॲझट्रिओनाम एनडीएमला फोडता येत नाही, पण त्याच जिवाणूत बहुतेक वेळा ईएसबीएलसारखी दुसरी एन्झाइम्स असतात आणि ती ते फोडतात. त्या दुसऱ्यांचा बंदोबस्त ॲव्हिबॅक्टम करतं. म्हणजे तुमच्या प्लेटवरच्या काही मिलिमीटरांवर पेशंटचं औषध ठरतं.

ईडीटीएचं द्रावण: इथेच अर्धे लोक अडकतात

हवं आहे ०.५ मोलर ईडीटीए, पीएच ८. मॉलिक्युलर बायोलॉजीसाठी हे तयार मिळतं आणि बजेट असेल तर तेच घ्या. नसेल तर करायला अवघड नाही, फक्त पहिल्यांदा माणूस घाबरतो.

आधी बाटलीवरचं लेबल वाचा. ईडीटीए नावाखाली निदान तीन-चार वेगवेगळ्या पावडरी मिळतात. आपल्याला हवं ते डायसोडियम, डायहायड्रेट, रेणुभार ३७२.२४. त्याचं ५० मिलि द्रावण करायला ९.३ ग्रॅम लागतं. कपाटात नुसतं 'ईडीटीए, ॲसिड' असेल तर त्याचा रेणुभार २९२.२४, वजन वेगळं, आणि विरघळवायला अल्कलीही बरंच जास्त. लेबल न वाचता ९.३ ग्रॅम मोजणारे मी पाहिलेत. मीही त्यात एकदा होते.

बीकरमध्ये ३५ मिलिच्या आसपास डिस्टिल्ड पाणी घ्या, पावडर टाका, मॅग्नेटिक स्टररवर ठेवा. पाणी दुधासारखं पांढरं होईल आणि तसंच राहील. दहा मिनिटं गेली तरी पांढरं, अर्धा तास गेला तरी पांढरं. इथे नवखा माणूस समजतो की पावडर खराब आहे किंवा पाणी कमी पडलं, आणि पाणी ओतत सुटतो. माझ्या पहिल्या वेळी मी हॉट प्लेटचं बटण फिरवलं, उकळी येईपर्यंत वाट बघितली, आणि हाती आलं गरम पांढरं पाणी. मग एका जुन्या टेक्निशियन काकांनी येऊन नुसतं विचारलं, "पीएच किती आहे?"

डायसोडियम ईडीटीए पीएच ८ च्या जवळ गेल्याशिवाय एवढ्या दाट द्रावणात विरघळतच नाही. म्हणून सोडियम हायड्रॉक्साइडचे कण थोडे थोडे टाकायचे. ५० मिलिला साधारण १ ग्रॅम लागतं, पण सगळं एकदम टाकू नका, द्रावण गरम होतं आणि पीएच ८ च्या पुढे निसटतो. पीएच मीटर ७ आणि १० च्या बफरवर लावून घ्या, इलेक्ट्रोड बीकरमध्ये ठेवा आणि बघत राहा. सात, साडेसात, आणि मग एका क्षणी तो पांढरेपणा तळाकडून निवळायला लागतो. दोन-तीन मिनिटांत स्टररची गोळी स्पष्ट दिसू लागते. हा क्षण बघायला मला अजूनही आवडतो.

पीएच ८ वर आल्यावर मोजपात्रात ५० मिलि करा, १२१ अंशावर १५ मिनिटं ऑटोक्लेव्ह करा, आणि थंड झाल्यावर निर्जंतुक छोट्या ट्यूबमध्ये १-१ मिलि भरून ठेवा. प्रत्येकीवर तारीख आणि तुमची सही. एका चाचणीला २० मायक्रोलिटर लागतं, म्हणजे एका ट्यूबमध्ये ५० चाचण्या. रोज त्याच मोठ्या बाटलीत टिप बुडवण्यापेक्षा हे शंभरदा बरं.

एक प्रश्न दरवर्षी कुणीतरी विचारतंच: रक्ताच्या जांभळ्या बुचाच्या ट्यूबमध्येही ईडीटीए असतं, ते चालेल का? नाही. ते पोटॅशियमचं क्षार असतं, ठरावीक रक्ताच्या हिशोबाने आतल्या भिंतीवर फवारलेलं. तुमच्या ट्यूबमध्ये त्याचं प्रमाण किती झालं हे कुणालाच सांगता येणार नाही.

बाकीचं सामान

मेरोपेनेमच्या १० मायक्रोग्रॅमच्या डिस्क. फ्रिजमधून काढल्यावर डबी बंदच ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ द्या. थंड डबी उघडली की आत दव धरतं, डिस्क ओलसर होतात, आणि मेरोपेनेम पाण्यात फार दिवस टिकणारं औषध नाही. ट्रिप्टिक सॉय ब्रॉथ, म्हणजे टीएसबी, २ मिलिच्या ट्यूबमध्ये. म्युलर-हिंटन अगारच्या प्लेट, जाडी ४ मिमी. १ आणि १० मायक्रोलिटरच्या लूप. २० मायक्रोलिटर नेमकं मोजणारी, कॅलिब्रेट केलेली पिपेट.

इंडिकेटर म्हणून, म्हणजे डिस्कमध्ये औषध उरलं का हे दाखवायला, इ. कोलाय एटीसीसी २५९२२. याच्याकडे कुठलंही कार्बापेनेमेज (कार्बापेनेम फोडणारं एन्झाइम) नाही, मेरोपेनेमने हा सहज मरतो. आणि कंट्रोलसाठी क्लेब्सिएलाच्या तीन स्ट्रेन: बीएए-१७०५ हिच्यात केपीसी, बीएए-२१४६ हिच्यात एनडीएम-१, आणि बीएए-१७०६ ही कार्बापेनेमला रेझिस्टंट असूनही कार्बापेनेमेज नसलेली. शेवटची सगळ्यात जास्त विसरली जाते, आणि तीच सांगते की तुमची चाचणी प्रत्येक रेझिस्टंट जिवाणूला आंधळेपणाने पॉझिटिव्ह ठरवत नाहीये.

सकाळी दहाला सुरुवात

वेळेचं गणित आधी मांडा. ट्यूब चार तास इन्क्युबेटरमध्ये राहणार, पंधरा मिनिटं मागेपुढे. दहाला लावल्या तर दोनला निघतील, प्लेट अडीचच्या आधी इन्क्युबेटरमध्ये जाईल आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर आल्या आल्या वाचता येईल. दुपारी एकला लावलीत तर तुमची संध्याकाळची लोकल गेली म्हणून समजा.

प्रत्येक आयसोलेटसाठी (नमुन्यातून वेगळ्या काढलेल्या जिवाणूसाठी) दोन ट्यूब घ्या, दोन्हींत २ मिलि टीएसबी. एकीवर 'एम', दुसरीवर 'ई' आणि नमुन्याचा क्रमांक. खूण झाकणावर नको, ट्यूबच्या अंगावर करा. झाकणं बदलतात. 'ई' ट्यूबमध्ये २० मायक्रोलिटर ईडीटीए घाला. २ मिलिमध्ये ०.५ मोलरचं एवढं घातलं की ५ मिलिमोलर होतं. एनडीएमचं झिंक काढायला ते पुरतं.

आता ब्लड अगारवरच्या रात्रभर वाढलेल्या, शुद्ध कल्चरमधून एन्टेरोबॅक्टेरेल्स (क्लेब्सिएला, इ. कोलाय यांचा गट) असेल तर १ मायक्रोलिटरची लूप भरून कॉलनी घ्या. स्यूडोमोनस असेल तर १० मायक्रोलिटरची, आणि त्याला फक्त 'एम' ट्यूब. लूपचं छिद्र भरेल इतकंच, वर डोंगर नको. 'एम' मध्ये जितकं तितकंच 'ई' मध्ये. दोन ट्यूबमध्ये ईडीटीए सोडून दुसरा कुठलाही फरक राहता कामा नये. एकीत कॉलनी दुप्पट पडली, तर उद्या जो झोनचा फरक दिसेल तो ईडीटीएचा की तुमच्या हाताचा, कसं ठरवणार?

दहा-पंधरा सेकंद व्हॉर्टेक्स करा. हे बायोसेफ्टी कॅबिनेटमध्ये, झाकण घट्ट लावून. बाकी काळजी पुस्तकात वाचलीच असेल.

मग दोन्ही ट्यूबमध्ये एकेक मेरोपेनेम डिस्क निर्जंतुक फोर्सेप्सने सोडा. डिस्क पूर्ण बुडायला हवी. ती कधी कधी आतल्या भिंतीला वरच चिकटून बसते आणि तुम्ही न बघता ट्यूब रॅकला लावून निघून जाता. चार तासांनी येऊन बघावं तर डिस्क कोरडी, जिवाणू खाली, औषध वर. उजेडासमोर धरून प्रत्येक ट्यूब बघा. मग ३५ अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये.

चार तासांनंतर

पावणेदोनच्या सुमारास इ. कोलाय २५९२२ चं ०.५ मॅकफार्लंडचं (गढूळपणाचं ठरलेलं माप) सस्पेन्शन करा आणि नेहमीच्या डिस्क डिफ्यूजनसारखं म्युलर-हिंटनवर लॉन, म्हणजे जिवाणूंचा सलग थर, लावा: स्वॅब कडेला दाबून निथळायचा, तीन दिशांनी फिरवायचा, शेवटी काठाने एक फेरी. प्लेट तीन ते दहा मिनिटं वाळू द्या. सस्पेन्शन केल्यापासून पंधरा मिनिटांच्या आत लॉन लागलेलं असावं.

ट्यूबमधून डिस्क काढणं वर्णन करायला सोपं, हातात यायला वेळ लागतो. १० मायक्रोलिटरची लूप घ्या. तिची चपटी बाजू डिस्कच्या कडेला लावा, द्रवाच्या पृष्ठताणामुळे डिस्क लूपला चिकटते, आणि मग ती ट्यूबच्या भिंतीला घासत, दाबत हळूहळू वर ओढायची. या घासण्यातच जास्तीचं पाणी निथळतं. घाईत डिस्क तशीच ओलीचिंब उचलली तर प्लेटवर थेंब पसरतो, त्यातले रेझिस्टंट जिवाणू डिस्कभोवती उगवतात, आणि 'ई' ट्यूब असेल तर जास्तीचं ईडीटीएही अगारवर उतरतं. उलट फार दाबली तर चार तास भिजलेली डिस्क फाटते. मी नवीन लोकांना आधी साध्या पाण्यात साधी डिस्क टाकून दहा-बारा वेळा सराव करायला लावते. हसतात, पण करतात.

डिस्क लॉनवर सपाट ठेवा. १०० मिमीच्या प्लेटवर जास्तीत जास्त चार, १५० मिमीवर आठ. एकाच आयसोलेटच्या 'एम' आणि 'ई' शेजारी शेजारी, एकाच प्लेटवर. मागच्या बाजूला मार्करने लिहा, आणि प्लेटच्या काठावर एक रेघ मारा म्हणजे सकाळी वर-खाली कळेल. उलटी करून इन्क्युबेटरमध्ये, १८ ते २४ तास.

वाचताना डोकं उलटं चालवायचं

रोजच्या प्लेटवर मोठा झोन म्हणजे औषध चालतं. इथेही औषध इ. कोलायवर चालतंय की नाही हेच दिसतं, पण प्रश्न इ. कोलायचा नाहीये. आपल्या संशयित जिवाणूने चार तासांत डिस्कमधलं मेरोपेनेम खाऊन टाकलं असेल, तर इ. कोलाय डिस्कच्या काठापर्यंत वाढतो. झोन नाही म्हणजे कार्बापेनेमेज आहे.

आधी फक्त 'एम' डिस्क वाचा. झोन ६ ते १५ मिमी, किंवा १६ ते १८ मिमी पण आत टाचणीच्या टोकाएवढ्या कॉलनी: पॉझिटिव्ह. (६ मिमी म्हणजे झोन शून्य, ती डिस्कचीच रुंदी.) १९ मिमी किंवा जास्त, आणि आत स्वच्छ: निगेटिव्ह. १६ ते १८ आणि आत कॉलनी नाहीत, किंवा १९ च्या वर पण आत टाचण्या: अनिश्चित, पुन्हा लावा.

'एम' पॉझिटिव्ह असेल तरच 'ई' कडे बघायचं. हा नियम मोडण्याचा मोह फार होतो. 'एम' निगेटिव्ह असताना 'ई' ला काहीही अर्थ नाही.

'ई' चा झोन 'एम' पेक्षा ५ मिमी किंवा जास्त मोठा: मेटालो. फरक ४ किंवा कमी: सेरीन. समजा 'एम' ६ आणि 'ई' १५, फरक ९. ईडीटीएने झिंक नेलं, एन्झाइम थंड पडलं, मेरोपेनेम वाचलं, इ. कोलाय मेला. मेटालो. समजा 'एम' ६ आणि 'ई' ही ६. ईडीटीए होतं तरी औषध फुटलं. सेरीन. 'एम' १३, 'ई' १७ आलं तर फरक ४, आणि ४ ला ५ करायचा नाही, कॅलिपर थोडा बाहेर सरकवायचा मोह झाला तरी. 'ई' च्या झोनमध्ये टाचणीएवढ्या कॉलनी दिसल्या तर त्या सोडून द्यायच्या, मोजायच्या नाहीत. 'एम' साठी त्या महत्त्वाच्या, 'ई' साठी नाहीत.

आणि हे सगळं कंट्रोल बरोबर आले असतील तरच. बीएए-२१४६ ने ५ चा फरक दाखवला नाही तर त्या दिवसाची सगळी पानं बाद. बहुतेक वेळा दोषी ईडीटीए निघतं: पीएच बघितला नाही, की पिपेट २० च्या ऐवजी २ वर लावलेली.

भारतातला मोठा खड्डा

ही चाचणी एका ठिकाणी फसते आणि ते ठिकाण नेमकं आपल्याकडे वारंवार भेटतं. भारतातल्या क्लेब्सिएलामध्ये एनडीएम आणि ऑक्सा-४८ च्या जातीतलं एन्झाइम, ऑक्सा-१८१ किंवा ऑक्सा-२३२, एकाच जिवाणूत जोडीने राहताना सापडतात. 'ई' ट्यूबमध्ये ईडीटीए एनडीएमचं झिंक काढून नेतं, पण ऑक्साचं काही बिघडत नाही. ते निवांतपणे मेरोपेनेम फोडत बसतं. फरक ५ च्या खाली राहतो, तक्ता सांगतो 'सेरीन', आणि एनडीएम कागदावरून गायब होतं. मग कुणीतरी नुसतं सेफ्टाझिडिम-ॲव्हिबॅक्टम लावतं.

म्हणून 'मेटालो' असा निकाल आला तर तो बराच भरवशाचा, पण 'सेरीन' असा आला तर एनडीएम नाहीच असं म्हणू नका. पीसीआरला पाठवा, किंवा केपीसी, एनडीएम, व्हीआयएम, आयएमपी आणि ऑक्सा-४८ ही पाच घराणी ओळखणाऱ्या पट्ट्या मिळतात त्या वापरा. प्रेग्नन्सी टेस्टसारख्या दिसतात, पंधरा मिनिटांत रेघ उमटते, किमतीकडे बघून तोंड वाकडं होतं.

ॲसिनेटोबॅक्टरवर ई-सीआयएम लावू नका. एम-सीआयएम एन्टेरोबॅक्टेरेल्स आणि स्यूडोमोनस एरुजिनोसा यांच्यापुरतीच आहे, आणि ई-सीआयएम तर फक्त एन्टेरोबॅक्टेरेल्सपुरती.

आणि जुन्या पद्धतीची एक गंमत. पूर्वी संशयित जिवाणूचाच लॉन लावून त्यावर इमिपेनेमची एक डिस्क आणि ईडीटीए टाकलेली इमिपेनेमची दुसरी डिस्क ठेवत. अजूनही बऱ्याच प्रबंधांत तीच सापडते. तिथे अडचण अशी की ईडीटीए स्वतःच जिवाणूच्या बाहेरच्या आवरणातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम ओढून त्याला खिळखिळं करतं, स्यूडोमोनसला तर फारच. मोठा झोन एन्झाइम थांबल्यामुळे आला की जिवाणूच ईडीटीएने मेला, कळत नाही. तुमच्या गाइडने ती पद्धत धरायला सांगितली असेल तर नुसत्या ईडीटीएची, औषध नसलेली डिस्क त्याच प्लेटवर ठेवल्याशिवाय एकही आकडा लिहू नका. ई-सीआयएममध्ये औषध फुटतं एका ट्यूबमध्ये आणि मोजमाप होतं दुसऱ्याच जिवाणूवर, म्हणून हा घोळ बराच कमी होतो.

रिपोर्टवर काय लिहायचं

रेसिडेंटने विचारलं होतं एनडीएम. ई-सीआयएम ते सांगत नाही. व्हीआयएम आणि आयएमपी यांचंही झिंक ईडीटीए तसंच काढतं. तेव्हा लिहायचं 'कार्बापेनेमेज पॉझिटिव्ह, मेटालो-बीटा-लॅक्टमेज प्रकार', आणि फोनवरही तेवढंच म्हणायचं. भारतात ते बहुधा एनडीएमच निघतं, पण तो तुमचा अंदाज झाला, रिपोर्टवर अंदाज नको.

नावावरून आठवलं. एनडीएम म्हणजे न्यू डेल्ही मेटालो. दिल्लीत उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या एका पेशंटच्या जिवाणूत हे एन्झाइम सापडलं, २००९ मध्ये ते छापून आलं आणि पुढच्या वर्षी आपल्याकडे नावावरून केवढा गहजब झाला. व्हीआयएममधलं व्ही हे इटलीतल्या व्हेरोनाचं, तिथे कुणी मोर्चा काढल्याचं ऐकिवात नाही. मला विचाराल तर नावावर रागावण्यात जेवढा वेळ गेला त्यात बऱ्याच जिल्हा लॅबमध्ये ही चाचणी बसवून झाली असती.

मग ईडीटीएच औषध म्हणून का देत नाहीत?

हा प्रश्न दर बॅचमध्ये एखादा हुशार विद्यार्थी विचारतो आणि तो चांगला प्रश्न आहे. ईडीटीए झिंक ओळखतं, पण कुणाचं झिंक ते ओळखत नाही. शिरेतून डायसोडियम ईडीटीए दिलं तर ते आधी रक्तातलं कॅल्शियम धरतं, आणि कॅल्शियम एकदम खाली गेलं की हृदय थांबू शकतं. अशा चुकीने माणसं दगावलेली आहेत. शिशाच्या विषबाधेवर वापरतात ते कॅल्शियम आधीच बांधलेलं ईडीटीए, आणि तेही देखरेखीखाली.

झिंक नेमक्या जागेवरून काढणारं काहीतरी शोधायची धडपड मात्र चालू आहे. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या गटाला २०१४ मध्ये एका बुरशीत ॲस्परजिलोमॅरास्मिन ए हा पदार्थ एनडीएमला थांबवताना दिसला, तोही झिंक ओढूनच. टॅनिबोरबॅक्टमचा रस्ता दुसरा, त्याच्यात बोरॉन आहे आणि ते सेरीन आणि झिंक दोन्ही घराण्यांना धरतं, मात्र आयएमपीला नाही. आपल्या जवळचं उदाहरण म्हणजे छत्रपती संभाजीनगरच्या वोक्हार्टच्या संशोधन केंद्रातून आलेलं झिडेबॅक्टम. ते एनडीएमच्या वाटेलाच जात नाही. जिवाणूची भिंत बांधणाऱ्या दुसऱ्याच प्रथिनाला ते धरतं आणि जोडीच्या सेफेपिमला काम करायला वाव देतं.

टेबल सोडण्याआधी

ट्यूब, प्लेट, लूप, स्वॅब, सगळं आधी ऑटोक्लेव्ह, मग पिशवीत. एनडीएमचा जीन बहुतेक वेळा प्लाझ्मिडवर असतो, म्हणजे तो एका जिवाणूतून दुसऱ्यात जायला मोकळा. सिंकमध्ये ओतलेलं २ मिलि टीएसबी 'किती ते' म्हणून सोडायचं नसतं. सिंकच्या पाइपात राहणाऱ्या जिवाणूंना असली देणगी नको.

रजिस्टरमध्ये 'पॉझिटिव्ह' एवढंच लिहू नका. 'एम' किती, 'ई' किती, फरक किती, कंट्रोलचे तिन्ही आकडे, ईडीटीएच्या ट्यूबची तारीख आणि मेरोपेनेम डिस्कचा लॉट नंबर. या खेपेला ५० वी चाचणी झाली असेल तर ती छोटी ट्यूब फेकून द्या आणि नवीन काढा. तळाशी उरलेल्या थेंबातून २० मायक्रोलिटर खेचताना टिपमध्ये हवाच जास्त येते.